पेटत्या विहिरीचं तीर्थ

जमिनीवर

पाणी जळत होतं.

दिवसाढवळ्या, विहिरीतून काढलेलं, पितळी परातीत, अख्ख्या गावासमोर. ज्वालानाथ महाराजांनी कापराची पेटती वडी टाकली आणि परात भडकली. बायांनी डोक्यावर पदर घेतले. चांदूर बाजाराहून जीपगाड्या भरून आलेली माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावू लागली. कपाशीवर लाल्या रोग आलेलं ते साल. शेतात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. विहीर पेटली तर बघायला कोण येणार नाही?

ज्वाला विझली. परातीत पाणी उरलं.

"आई जेवली," महाराज विहिरीतल्या देवीबद्दल म्हणाले. "उरला तो प्रसाद."

म्हणजे तो प्यायचा. मुतखड्याला चमचाभर, मूल होत नसेल तर वाटीभर, झालेलं टिकत नसेल तर रोज सकाळी तांब्याभर. ही मापं महाराजांनी कुठे शिकली, ते आईलाच ठाऊक.

शकुनला तांब्या लागू होता. आधीचे दोन गर्भ गेले होते, आता पाचवा महिना. सासू पार्बताबाई स्वतःच्या हाताने पाजायची. वाईट बाई नव्हती. घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातात तांब्या देणं हाच महाराजांचा सगळा व्यवसाय. शकुन ओकायची, तिला भोवळ यायची. महाराज सांगत, दोष बाहेर पडून राहिला हाये. एखाद्या दिवशी ओकली नाही की सांगत, दोष आत दबला, मात्रा वाढवा.

तीर्थाला वास होता. दिव्य गंध म्हणे. पेट्रोल पंपावर ज्या वासाला लोक नाकाशी रुमाल धरत, त्याच वासापुढे इथे हात जोडत. पंप किती दूर? विहिरीवरून दिसायचा. वरच्या अंगाला, चढावर. मालक चंद्रभान. मंडप त्याचा, भोंगा त्याचा, विहिरीवरचं टिनाचं छप्परही त्याचंच. एवढा भाविक पेट्रोलवाला तालुक्यात दुसरा नव्हता.

संशय घेणाऱ्यांसाठी पुरावाही तयार होता. त्याच विहिरीतलं मोटारीने काढलेलं पाणी जळत नसे, तांब्याने काढलेलंच जळे. महाराज बोट वर करून सांगत, "आई यंत्राले भीक घालत नाही." यावर गाव हात जोडी.

काळी माती

चांदूर बाजारच्या डॉक्टरांनी शकुनला विचारलं, काय पितेस? तिने पिशवीतून बाटली काढली. त्यांनी झाकण उघडलं, लगेच लावलं, आणि बाटली अमरावतीला अमरीन मॅडमकडे पाठवली. मॅडम कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. बाटलीमागोमाग त्या स्वतःच आल्या, स्कूटीला जमीन पोखरायचं लांब गिरमिट बांधून.

आल्या त्या दिवशी महाआरती होती. शकुनने पेटता दिवा दोरीने विहिरीत सोडायचा होता.

मॅडम आरतीला थांबल्या नाहीत. त्यांनी विहिरीजवळ गिरमिट फिरवलं, मग थोडं वर, मग आणखी वर. प्रत्येक भोकापाशी मातीची एक ढेरी. ढेऱ्यांची रांग पंपाच्या दिशेने चालली, तसा चंद्रभान धावत आला. मॅडम, देवस्थानाची जागा हाये म्हणाला. मॅडम म्हणाल्या की त्या देवस्थानापासून लांबच चालल्या आहेत.

पार्बताबाई मागोमाग आली होती, भांडायला. पण पायाशी ओल्या मातीची ढेरी दिसली आणि हात आपोआप खाली गेला. आयुष्यभर वाफसा पाहणारी बाई ती. माती दिसली की मूठ वळायची, पेरणीजोगी ओल आहे का ते बघायचं. तिने मूठ वळली. सवयीने नाकाशी नेली.

थांबली.

वरच्या ढेरीकडे गेली. हुंगली. आणखी वर. पंपाच्या भिंतीपाशी तिने मूठ उघडून टाकली, हात लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला.

"सकायी तांब्यातून येते थोच वास हाये ह्या," ती म्हणाली.

पाण्यावर

खाली मंडपात भोंगा शकुनचं नाव घेत होता. पार्बताबाई उतारावरून पळाली. एवढं पळायचं तिचं वय नव्हतं.

"शकुन, इझव थो दिवा."

महाराज म्हणाले, आई कोपेल. शकुनने सासूकडे पाहिलं, आणि वात चिमटीत दाबली.

मागून आलेल्या मॅडमनी सगळ्यांना छपराबाहेर काढलं. टिनाखाली साठलेल्या वाफेत तो दिवा सोडला असता, तर आई कोपली असं सांगायला महाराजही उरले नसते. मग मॅडमनी एक रिकामी काचेची बाटली दोरीने पाण्याच्या वरच्या थरात बुडवली आणि उन्हात धरली. आत दोन थर, मधे सरळ रेघ.

"वर पेट्रोल, खाली पाणी," त्या म्हणाल्या. "मोटारीचा पाइप तळाशी हाये, तो खालचं ओढते. तुमचा तांब्या वरचं घेते. पंपाची जमिनीतली टाकी गळून राहिली. खालच्या पाण्यातही विष उतरलंच हाये. जळत नाही म्हणून ते चांगलं नाही."

महाराज हसले. पोथ्या न वाचलेल्यांना असं वाटतं, असं काहीसं म्हणाले.

पार्बताबाईने तांब्या भरला आणि त्यांच्यासमोर धरला.

"घ्या ना महाराज. माह्या सुनेनं रोज घेतला."

"आज आमचा निर्जळी उपास असतो, माय."

"मंग उद्या या."

उद्या ते नव्हते. संध्याकाळीच मोटरसायकलवरून गेले. जाताना चंद्रभानच्या पंपावर टाकी भरून घेतली म्हणतात. गळण्याआधीचं तीर्थ.

तळ

पंपाची टाकी उकरली तेव्हा खालच्या बाजूला गंजून चाळण झालेली निघाली. चंद्रभानला ते ठाऊक होतं; म्हणून तर मंडप. देवीचं नाव घेतलं की माती कोण हुंगतो?

विहीर बंद आहे. ती माती अनेक वर्षं तशीच राहील. तिला मंत्र कळत नाहीत.

शकुन आता दुसऱ्या गावाहून आणलेलं पाणी पिते. ओकाऱ्या थांबल्या. बाळाचं काय, ते डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही, आणि ते तसं कबूल करतात. महाराजांनी कधी काही कबूल केलं नव्हतं. फरक ओळखायचा तर इथे ओळखा.

तुमच्या गावातही उद्या काहीतरी पेटेल. हात जोडण्याआधी चढावर कोण बसलंय ते बघा. मंडप कोणाचा, ते विचारा. आणि जो पाजतो, त्याला आधी प्यायला लावा.