टोपीखालची डबी

माझा स्वभाव तापट आहे, हे पिंपळगावात आमच्या पॅकहाऊसमधल्या द्राक्षाच्या पेट्यांनाही ठाऊक आहे. म्हणूनच २००८च्या जानेवारीत विमा कंपनीचा माणूस आमच्या चारही टेम्पोंमध्ये एकेक काळी डबी बसवून गेला, तेव्हा आमचे मालक ललितशेठ यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"शुभांगीताई, चिडू नका. याने हप्ता कमी होतोय," ते म्हणाले.

शेठच्या स्वतःच्या गाडीतही एक डबी बसली, ती फुकट. फुकट म्हटल्यावर आपल्याकडे कोण नको म्हणतं?

दर सोमवारी कंपनीकडून पाच गाड्यांचे पाच कागद ईमेलवर यायचे. गाडी कुठे गेली, किती वेगाने, ब्रेक किती वेळा जोरात दाबला, कुठे किती मिनिटं थांबली, सगळं त्यात असायचं. दहा मिनिटांवरच्या थांब्यापुढे कारण भरून कागद परत पाठवायचा, हे काम माझ्याकडे. कारणं त्यांनीच ठरवून दिलेली: डिझेल, जेवण, पंक्चर, गर्दी, पोलीस. माणूस याहून वेगळ्या कशासाठी थांबत असेल, हे त्या शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. टेम्पोंचे कागद मी भरायची. शेठच्या गाडीचा कागद मात्र छापून, पाकिटात घालून कपाटात ठेवून द्यायची. मालकाला कारण विचारणारी मी कोण?

फेब्रुवारीत तिसऱ्या टेम्पोचा कागद बिघडला. हा टेम्पो सहादूभाऊंचा. भाऊ आमच्याकडे एकोणीस वर्षं गाडी चालवतात. नाशिक रोडला माल उतरवून येताना आजवर त्यांनी कुणाच्या सायकलला धक्का लावलेला नाही. पण लागोपाठ तीन बुधवार कागदावर तेच: आडगावजवळ हायवे सोडून टेम्पो एका मोकळ्या मैदानात जातो. तिथे पस्तीस मिनिटं गोल गोल फिरतो. वेग ताशी आठ. आणि तेवढ्यात बावीस वेळा कचकन ब्रेक.

मी "इतर" असं लिहून पाठवलं. कंपनीचं पत्र आलं, की "इतर" चालणार नाही, आठ दिवसांत खुलासा करा, नाहीतर या टेम्पोच्या विम्याचा फेरविचार करू.

शेठनी पत्र वाचून टेबलावर टाकलं. "गोल गोल फिरतात म्हणजे काय? पितात की काय भाऊ? की डिझेल काढतात? या बुधवारी मी स्वतः मैदानावर जातो. तसं काही निघालं तर त्याच दिवशी त्यांना घरी बसवतो. एकोणीस वर्षं वगैरे मला सांगू नका."

मी सांगितलं नाही. खाली गेले. सहादूभाऊ टेम्पो पुसत होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि वाचून दाखवला. मैदान ऐकल्यावर त्यांचा हात थांबला.

"असं कसं व्हईल ताई? म्या तर दर टायमाला तिच्यावर टोपी घातली व्हती."

"कुणावर?"

"डबीवर. डोळं झाकल्याबिगर गाडी मैदानात नेलीच नाय कधी."

मला हसू आलं. त्या डबीला डोळे नसतात, ती वर आभाळाशी बोलते, टोपी घाला नाहीतर गोधडी, हे मी त्यांना समजावलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग हातातली टोपी डोक्यावर ठेवत म्हणाले, "मंग आभाळालाच चुगली करती म्हना की."

"भाऊ, मैदानात काय करता ते सांगा. शेठ बुधवारी तिथे येणार आहेत."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं, तरी आवाज खाली आणला. "चिमणीला गाडी शिकवतो."

चिमणाबाई म्हणजे त्यांची बायको, वय अठ्ठेचाळीस. आडगावला त्यांचं अर्धा एकर शेत आहे, त्यात झेंडू आणि शेवंती. फुलं बाजारात न्यायची तर पुतण्याच्या पिकअपची वाट पाहायची. पुतण्या उठेपर्यंत बाजार उतरलेला आणि फुलं मान टाकलेली. म्हणून दिवाळीत नवराबायकोने जुनी तीनचाकी घेऊन गोठ्यात झाकून ठेवली होती. ती कोण चालवणार, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं.

"लपवायचं कशाला त्यात?" मी म्हणाले.

"भाऊबंदकी हाय ताई, बघून हसतील समदे. ती नव्वारी खोचून बसती, क्लच सोडती, गाडी उडती, बंद पडती. मंग ती मला शिव्या घालती, अन् म्या हसतो, मंग आनखी शिव्या घालती." सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की चिमणाबाईंचा हेवा करावा की माझ्या नवऱ्याची कीव, मला कळेना. "शिकली की बघू दे की समद्या गावाला. शिकताना नगं. शिकताना मानूस लय उघडा असतो."

हे ऐकून मी पाघळले असते, पण माझा स्वभाव सांगितलाच आहे. मी त्यांना झापलं. बिनलायसनच्या बाईच्या हाती मालकाचा टेम्पो दिला, उद्या कुंपणावर गेली असती तर विमाही नाही आणि नोकरीही नाही. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"चुकलं. टेम्पो पुन्यांदा देनार नाय. पर तिचं नाव त्या कागदावर नगं. अन् म्या पंक्चर झालो असं खोटंबी नगं. घरगुती काम, एवढंच लिहा."

"त्यांच्या यादीत घरगुती नाही, भाऊ."

"मंग यादीच खोटी हाय," ते म्हणाले आणि पुन्हा टेम्पो पुसू लागले.

मंगळवारी संध्याकाळी मी कपाटातली सहा पाकिटं घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुमच्या गाडीचे कागद. तुमच्या डबीचेही दर सोमवारी येतात."

शेठ इंजिनिअर आहेत. डबी काय करते ते त्यांना सहादूभाऊंपेक्षा जास्त कळतं. तरी आपल्याही गाडीत ती आहे हे ते विसरले होते. चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांनी वरचं पाकीट उचललं, चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुम्ही वाचलेत?"

"नाही."

"एकही?"

"नाही शेठ. माणूस कुठे थांबतो ते त्याचं त्याला." मग मीच पुढे म्हणाले, "सहादूभाऊ पीत नाहीत आणि चोरी करत नाहीत. त्यांची चूक आहे, ती ते तुम्हाला सांगतील. पण तुम्ही मैदानावर लपून बघू नका. त्यांना बोलवा आणि विचारा."

शेठनी पाकीट खाली ठेवलं. मग बेल वाजवून त्यांनी भाऊंना बोलावलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. दार बंद झालं. मी बाहेर उभी राहून नखं खाल्ली. एकोणीस वर्षं राबलेल्या माणसाला घरी पाठवायला किती वेळ लागतो? पाव तासाने आतून शेठच्या हसण्याचा आवाज आला. तीन वर्षांत तो मी पहिल्यांदा ऐकला.

दुसऱ्या दिवशी कंपनीला पत्र गेलं. मजकूर शेठनी स्वतः सांगितला: थांबे चालकाच्या घरगुती कामाचे होते, आम्ही चौकशी केली आहे, पुन्हा होणार नाहीत, याहून अधिक सांगायचं नाही. विमा ठेवायचा तर ठेवा. भाऊंना त्यांनी दम भरला, तो भरायलाच हवा होता. चिमणाबाईंना शिकाऊ लायसन काढायला लावलं, आणि बुधवारसाठी पॅकहाऊसमागची जुनी जीप दिली. तिच्यात डबी नव्हती.

आता खरं सांगते. मी शेठशी खोटं बोलले होते. पहिल्याच आठवड्याचा कागद मी पाकिटात घालण्याआधी वाचला होता. रोज सकाळी पावणेनऊला त्यांची गाडी ओझरला एका घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, बारा मिनिटं थांबायची. ते घर मला माहीत आहे. धनराजशेठचं, ललितशेठच्या मोठ्या भावाचं. मला नोकरीला त्यांनीच ठेवलं होतं. वाटणीत दोघा भावांचं बोलणं तुटलं, त्याला तीन वर्षं झाली होती. धाकटा रोज येतो, गाडीत बसून राहतो, उतरत नाही आणि निघून जातो. वाचून मला इतकं रडू आलं, की पुढचे कागद मी डोळे मिटून पाकिटात घातले.

गुरुवारी सकाळी शेठची गाडी आवारात उभी होती. मी जाता जाता काचेतून आत पाहिलं. पुढच्या डबीवर एक पांढरा रुमाल नीट चौघडी करून ठेवला होता.

त्याने काही झाकलं जात नाही, हे मला ठाऊक होतं आणि शेठनाही. सोमवारी पाच कागद आले. मी चारच छापले.