रविवारनंतरची बंदी

मो ड्रायस्डेलला चहात साखर ढवळायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही ब्लेअर टॉडहंटरला आपली चूक कबूल करायला लागला नाही. मुख्य पंच ऑर्मंडने कागद पुढे सरकवला, ब्लेअरने 'मान्य' या शब्दाखाली सही ठोकली आणि पेन परत दिलं. चौथ्या शर्यतीतला चिखल अजून त्याच्या भुवयांवर वाळत होता. मोची घोडी थिसल तिकडे तबेल्यात पुढचा पाय उचलून उभी होती, आणि शर्यतीत थिसलची दोनचाकी गाडी हाकणारा मोचा थोरला भाऊ रॉस खांद्याचं हाड मोडून घेऊन इन्व्हरकार्गिलच्या इस्पितळाच्या वाटेवर होता.

एवढी तत्पर कबुली पाहून परक्या माणसाला भरून आलं असतं. मोला आलं नाही. लवकर कबूल केलं की शर्यतीत उतरायची बंदी आखडते, हे साउथलंडमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

सुनावणीची खोली चहाघराच्या मागे. चहाघरातल्या बायकांनी टेबलावर चीज रोलची ताटली ठेवली होती आणि न्यायमंडळाचे प्रमुख पेनिकटसाहेब, निवृत्त वकील, त्यातला एक कागदात धरून खात होते. रॉसच्या जागी, घोडीची ट्रेनर म्हणून, मो बसली होती. तिच्या पायांतले गमबूट खोलीभर शेणाचा वास पसरत होते आणि ते तिला बरंच वाटत होतं.

चित्रफीत लावली. शेवटच्या वळणावर थिसल कुंपणाला धरून दुडकत होती. बाहेरून ब्लेअरची गाडी पुढे सरकली, पण पुरती पुढे गेली नाही. थिसलचं नाक त्याच्या चाकापाशी होतं. तरी तो आत वळला. चाक पायांत गेलं, घोडी दुमडली, आणि रॉस तिच्या पाठीवरून चेंडूसारखा उडाला. ऑर्मंडने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मो खिडकीबाहेर पाहत राहिली.

"मला वाटलं, मी पुरता पुढे गेलोय," ब्लेअर म्हणाला. "अंदाज चुकला, साहेब. मला फार वाईट वाटतंय."

त्याचा आवाज चांगला होता. आईने त्याला चर्चमध्ये गायला लावलं ते वाया गेलं नव्हतं.

मोचं म्हणणं एवढंच होतं की या हाकण्याला निष्काळजी म्हणू नये, बेदरकार म्हणावं. त्या धंद्यात हे शब्द काही शोभेचे नसतात. एकाची बंदी आठवड्यांत मोजतात, दुसऱ्याची महिन्यांत. पेनिकटसाहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, बोटं पुसली आणि शांतपणे सांगितलं की फितीत चुकलेला अंदाज दिसतो, पर्वा नसणं दिसत नाही. मग वजाबाकी सुरू झाली. सुरुवात सहा आठवड्यांपासून. त्यातून कबुलीचे गेले, स्वच्छ नोंदीचे गेले, आणि आता नम्र वागणुकीचेही काही दिवस जायला निघाले.

"आणि घोडीच्या पायातून काय वजा करणार?" मोने विचारलं.

"मिसेस ड्रायस्डेल, तुमचा राग मी समजू शकतो."

"तो नका समजू. तो माझा आहे."

ऑर्मंड खोकला. बंदी तीन आठवड्यांवर येऊन थांबली. मोने टोपी उचलली, तेवढ्यात ब्लेअरने नम्रपणे एक विनंती केली: बंदी रविवारनंतर लागू व्हावी. रविवारी कपाची शर्यत होती. दिलेले शब्द पाळायची मुभा नियमात असते. हाकणाऱ्याच्या चुकीची शिक्षा त्याच्यावर भरवसा ठेवणाऱ्या मालकांना आणि ट्रेनरला कशाला, असा त्यामागे विचार.

"रविवारी कोणाकोणाला शब्द दिलाय?" पेनिकटसाहेबांनी विचारलं.

ब्लेअर बुटांकडे पाहू लागला. तेव्हा ऑर्मंडने यादी वाचली. नाव एकच होतं. घोडा कॅप्टन बार्ली, ट्रेनर एम. ड्रायस्डेल.

मो टोपी हातात धरून तशीच उभी राहिली. आठवड्यापूर्वी तिनेच फोन करकरून ब्लेअरचा होकार मिळवला होता. कॅप्टन म्हणजे लगाम ओढत सुटणारा बैलच. दुसऱ्या कोणाच्या हाती तो अर्ध्या वाटेतच दम संपवायचा, ब्लेअरच्या हाती मात्र तो कान हलवत चालायचा. गावातल्या सहा जणांनी मिळून हा घोडा घेतला होता आणि खाटकाने तर कप ठेवायला दुकानातलं एक फडताळ आधीच रिकामं केलं होतं. ड्रायस्डेलांच्या घरात तीन पिढ्यांत तो कप आला नव्हता.

"ट्रेनर म्हणून या विनंतीला तुमचा पाठिंबा आहे का?" पेनिकटसाहेबांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, हे त्यांना मानलं पाहिजे. ऑर्मंड मात्र खाली वाकून बुटाची नाडी शोधत होता.

मोने पाच मिनिटं मागितली आणि बाहेर जाऊन रॉसला फोन लावला. दक्षिणेचा वारा कान कापत होता. रॉसला दुखणं मारायचं औषध दिलं होतं, त्यामुळे तो होता त्याहून शहाणा झाला होता. त्याचं म्हणणं, ब्लेअरलाच बसव. घोड्याला काही निकाल वाचता येत नाही.

"तुझा खांदा कोणी मोडला रे?"

"त्यानेच," रॉस शांतपणे म्हणाला. "पण कॅप्टनला त्याचाच हात लागतो, मो."

तिने फोन बंद केला. आता ती भावावरही चिडली होती. सगळे किती समजूतदार होते! पेनिकट समजूतदार, रॉस समजूतदार, ब्लेअर तर समजूतदारपणात बुडालेला. आणि तबेल्यात पाय उचलून उभी होती ती एकटी थिसल.

ती परत आली ती बसलीच नाही.

"याचा कुठलाही शब्द माझ्याकडे अडकलेला नाही. मी त्याला मोकळा केला."

"मग रविवारी घोडा कोण हाकणार?"

"मी. माझा परवाना चालू आहे."

पडलेली घोडी पाहून ज्याला घाम फुटला नव्हता, त्या ब्लेअरच्या कपाळावर आता तो दिसला. "मो, वेडी आहेस का? तो तुला ओढत नेईल."

"नेऊ दे. मी ते ओळखून चढणार आहे."

पाळायला शब्दच उरला नाही म्हटल्यावर मुभाही उरली नाही. बंदी त्याच संध्याकाळपासून लागली. याला सूड म्हणा, तत्त्व म्हणा. मोला त्यातला फरक पाहायला फुरसत नव्हती. मालकांना होती. खाटकाने तिला मांस बांधून देता देता सुनावलं की संताप तुझा आहे, घोडा आमचा आहे. मोने मांस उचललं आणि म्हणाली की घोडा हाकेन नीट, संतापाचं मी बघते.

रविवारी कॅप्टनने तिला खरोखरच ओढलं. अर्ध्या शर्यतीत तिच्या बोटांची सालटी निघाली. पण ती मागे रेलून, शिव्या घालत, त्याचा दम राखत राहिली, आणि शेवटच्या वळणावर तिच्या पुढे कोणी नव्हतं. आत, कुंपणाला धरून, फक्त एक करडा घोडा होता. त्याच्या पुढून आत घुसलं की वाट जवळची आणि कप घरात. तिने वळून पाहिलं. करड्याचं नाक तिच्या चाकापाशी होतं. नाकपुड्यांतली वाफ आऱ्यांवर येत होती.

हातभर आणखी पुढे जायला हवं होतं. कॅप्टनला दोन ढांगा पुरल्या असत्या. तिने पुन्हा पाहिलं. नाक तिथेच होतं. आतला लगाम खेचायला हात शिवशिवत होता आणि मागे सहा मालकांचा आरडाओरडा चालला होता. ती बाहेरच राहिली, लांबच्या वाटेने वळण घेतलं, आणि त्याच करड्याने तिला मानेच्या अंतराने हरवलं.

जे घडलंच नाही त्याची सुनावणी होत नाही. ऑर्मंडने तिला हाक मारली नाही, पेनिकटसाहेबांना तर काही कळायचंच कारण नव्हतं. मालक अंगणाच्या दुसऱ्या टोकाला घोळक्याने उभे होते. खाटकाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

फाटकापाशी ब्लेअर उभा होता, धुतलेल्या कपड्यांत, हात खिशात घालून. पण चेहऱ्यावर खुशी नव्हती. मनापासून हळहळत होता.

"जागा होती, मो."

"नव्हती."

"होती गं. मी गेलो असतो."

मोने घोडा थांबवला. कागदावर सही झाली होती, वाईट वाटून झालं होतं, सगळ्याची सूट पदरात पडली होती. आणि याला अजूनही जागाच दिसत होती. हेच वाक्य त्या खोलीत बोलला असता, तर फितीत काय दिसतं ते पेनिकटसाहेबांना नव्याने पाहावं लागलं असतं.

"त्या दिवशीही होती?" तिने विचारलं.

नेहमीच्या सवयीने ब्लेअरचा हात कॅप्टनच्या मुखपट्ट्याकडे गेला.

"हात काढ."

"अगं मो, दमलीयस तू, जरा धरू दे—"

"काढ म्हटलं ना. तुझे तीन आठवडे संपले तरी माझ्या फाटकात पाऊल टाकू नकोस. आणि खांदा कसा आहे म्हणून रॉसला फोनही करू नकोस. त्याला तू आवडतोस."

ब्लेअरने हात काढला. कॅप्टनने मात्र मान वळवून त्याच्या बाहीला नाक लावलं. मूर्ख जनावर, त्याला तोच हात ओळखीचा. मोने लगामाला हिसका दिला, सालटलेल्या बोटांतून पुन्हा रक्त आलं, आणि घोड्याच्या आईबापांचा उद्धार करत ती त्याला तबेल्याकडे ओढत घेऊन गेली.