गोरक्षनाथच्या गाडीचा पहिला सायलेन्सर

मित्रांनो, शहागडजवळच्या एका घरामागे मेंढरांना कोंडायचं काटेरी कुंपण आहे. त्याला टेकून पडलेला गंजका सायलेन्सर म्हणजे मी. आता मला फार बोलवत नाही. तरी थोडं ऐका.

गोरक्षनाथने लांबच्या प्रवासासाठी मोठी मोटारसायकल घेतली, तिच्याबरोबरच मी कारखान्यातून आलो. इंजिनाचा गलका पोटात घ्यायचा आणि मागून हळू आवाज सोडायचा, हे माझं काम. गहू काढून झाला की गोरक्षनाथ आणि त्याची बायको शालू गाडीवरून निघत. आम्ही कोकणात उतरलो, राजस्थानची वाळू पाहिली, हिमालयातले ओढे ओलांडले. तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं की मी चरचरत असे. घाटात शालू मागे बसून गाणं म्हणायची आणि ते गोरक्षनाथला ऐकू जायचं. एवढ्यावर मी खूश होतो.

पण सोबतचे गाडीवाले हसायचे. "एवढी मोठी गाडी अन् आवाज शिलाई मशीनचा?"

ते गोरक्षनाथला लागलं. नवीन जालन्यात राधेश्यामच्या गॅरेजात त्याने माझ्या जागी बसवायचे नवे पाइप वाजवून पाहिले. शालू म्हणाली, "आवो, मागं बसून माझं डोकं उठंल." राधेश्यामही म्हणाला, "लंबा प्रवास करता भाऊ, जरा सौम्य घ्या." गोरक्षनाथने सगळ्यांत दणदणीत पाइप निवडला. माझे बोल्ट सुटले. गाडी गरजत घरी आली, तेव्हा मी पोत्यात, शालूच्या मांडीवर होतो. मग इथे येऊन पडलो. कुणी विचारलं नाही.

पुढचं मला शालूच्या रडण्यातून कळलं. गोरक्षनाथचे वडील त्रिंबक मेंढरं घेऊन हमरस्त्याच्या कडेने येत होते. शेजारून मुलाचीच गाडी गेली, मागे शालू बसलेली. त्या आवाजाने कळप उधळला आणि रस्त्यावर आला. समोरून ट्रक. मेंढरं परतवायला त्रिंबक धावले. ट्रकवाल्याने ब्रेक दाबला, तरी धक्का बसलाच. दोन मेंढ्या गेल्या आणि त्रिंबकांचा खुबा मोडला.

"मी मागून वरडून राह्यले व्हते," शालू म्हणाली, "तुमाला ऐकूच आलं न्हाई."

एका सकाळी गोरक्षनाथ माझ्याजवळ आला. त्याने धूळ पुसली, मला उलटसुलट पाहिलं. अंगठा दाबताच माझ्या पोटाला भोक पडलं. त्याने मला हळूच खाली ठेवलं.

मग त्याने राधेश्यामला पाइपांसकट घरी बोलावलं. दवाखान्यातून आलेले त्रिंबक मागच्या अंगणात बाजेवर पडून होते.

"आबा, तुमीच सांगा. कोणता बसवू?"

"मला काय इचारतो? मेंढरांकडं बघ."

पहिला पाइप वाजला. कळप उठून कुंपणाला भिडला. दुसरा वाजला, तशा माना वर झाल्या. तिसरा वाजला, तेव्हा मेंढरं रवंथ करत बसून राहिली.

"ह्यो बराबर," त्रिंबक म्हणाले.

गोरक्षनाथने त्यांचे पाय धरले. "आबा, तुमी परत मेंढरांमागं कधी जाता?"

"आता न्हाई व्हायचं, बाळा. तूच हिंड."

आता रोज सकाळी कळपामागे गोरक्षनाथ पायी जातो. बाजाराच्या दिवशी तेवढी गाडी अंबडला जाऊन येते.

मित्रांनो, गाडीचा आवाज निवडताना फक्त आपल्या कानांचं ऐकू नका. त्या रस्त्याने म्हातारी माणसं चालतात, जनावरं चालतात. त्यांना जपा. माझं काय, मी थकलेलं लोखंड. उन्हात तापतो, सांजेला निवतो. पण कळप परत येताना दिसला की त्रिंबक अजून बाजेवर हात टेकून उठू पाहतात, आणि त्यांना उठवत नाही.