मखमलीखालची पावडर

जुनी क्लॅरिनेट आधी नीट बघायची, मग हुंगायची आणि तोंडाला सगळ्यात शेवटी लावायची. हा नियम मीच केला, आणि त्या दिवशी मीच मोडला.

ती होतीच तशी. पिवळसर लाकूड, पितळेच्या पाचच चाव्या, आणि चाव्या बसवायला स्क्रूचे खांब नाहीत, लाकडातच कोरून काढलेले उंचवटे. दीडदोनशे वर्षांपूर्वी असं काम करत. मला राहवेना. वरचा तुकडा सोडवला, भोकं बोटांनी बंद केली, खालचं टोक तळव्याने दाबलं आणि वरून तोंडाने हवा ओढली. चीर असेल तर हवा आत शिरते. शिरली नाही.

"काय म्हणतेय?" ती विकायला माझ्या दुकानात आलेल्या घड्याळजीकाकांनी विचारलं.

"ठणठणीत आहे म्हणतेय. आपल्या दोघांपेक्षा."

पेटीतली मखमल एका कोपऱ्यात सुटली होती. उचलली, तर खाली पिठीसाखरेसारखी पांढरी पावडर आणि एक कार्ड. कुठल्याशा संग्रहाचा क्रमांक, खाली लिहिलेलं: कीड लागू नये म्हणून विष मारले आहे, तोंडास लावू नये.

मी नकळत ओठ चाटले. चव कसलीच नव्हती. त्याचीच जास्त भीती वाटली.

नळाखाली तोंड धरून खळाखळा चुळा भरल्या आणि नणंदेला फोन लावला. ती इस्पितळात नर्स आहे.

"वहिनी, गिळलंत की थुंकलात?"

"थुंकले. बहुतेक."

"बहुतेक काय? निघा आधी. आणि ती पिपाणी पिशवीत घालून आणा."

फोन ठेवला आणि मग सुचलं. "काका, तुम्ही वाजवलीत का ही?"

"मला फुंकर मारून चहा गार करता येत नाही. बायको वाजवते. आणल्यापासून आठवडाभर रोज, तासन्‌तास. परवापासून उलट्या होतायत. आम्ही म्हटलं, पित्त असेल."

त्यांना कार्ड दाखवलं. चष्मा कपाळावर होता, तरी ते खिशात चष्मा शोधत राहिले. मग त्यांनी घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलेना, तसे क्लॅरिनेट पिशवीत घालून आम्ही निघालो.

घर दोन गल्ल्या पलीकडे. तिसरा मजला. काकांना कुलूप उघडेना. आयुष्यभर केसाएवढे स्क्रू बसवलेल्या माणसाला किल्ली भोकात घालता येईना. मी हातातून घेतली.

काकू न्हाणीघराच्या दारात बसल्या होत्या, भिंतीला टेकून. ओठ पांढरे. डोळे उघडे आहेत एवढंच मी आधी पाहिलं.

"विकली?" त्यांनी विचारलं.

"नाही गं," काका खाली बसत म्हणाले. "चल, ऊठ."

इस्पितळात नणंदेने मला एका खुर्चीत ढकललं, रक्त घेतलं, आणि काकूंना आत नेलं. "तुमचं निभावेल, वहिनी. त्यांचं आत्ताच काही विचारू नका."

काका माझ्या शेजारी बसले. पिशवी आमच्या मध्ये होती. दोघांनीही तिला हात लावला नाही.

"किती छान वाजवत होती हो," ते म्हणाले. "मीच म्हणायचो, अजून एकदा."