दांड्यांची पिठी

बाई, तुम्ही खोटं बोललात. तोंडाने नाही, पेन्सिलीने. माझ्या पिठीचा पहिला घोट घेतलात आणि डोळे मिटलेत. दुसरा घेतलात. मग चमचा बाजूला ठेवून वाटी सरळ तोंडाला लावलीत. मी तीन हातांवर उभा होतो, सगळं पाहिलंय. आणि पाव तासाने तुमच्या कागदावर तीच पिठी बाद!

तुम्ही स्वयंपाकावर पुस्तकं लिहिता. मी सातवी पास आहे, तेव्हा सरळच लिहितो.

माझं नाव काशीराम. अठरा वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होतो. हजारो वार कापड विणलं, पण त्यातली एक रेघ माझ्या मनाची नव्हती. डिझाइन वरून यायचं. वरून हिरवं आलं की हिरवं. ब्याऐंशीला संप झाला आणि आमची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. मग जानकी, माझी बायको, अंधेरीला औषधांच्या कारखान्यात लागली, गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायला. सकाळी साडेसहाला विक्रोळीहून निघायची, संध्याकाळी सातला परत. आल्या आल्या पदर खोचून स्टोव्ह पेटवायची. मी बेकार माणूस खाटेवर बसून बघायचो. चार महिने बघितलं. लाज वाटत नव्हती असं नाही, पण लाजेने कोणी उठत नाही.

एक दिवस भाकरीचं पीठ मळता मळता ती भिंतीला टेकली आणि झोपलीच. हात परातीत तसेच. त्या दिवशी भाकऱ्या मी थापल्या. कुठल्या तरी देशाचे नकाशे झाले. पण दुसऱ्या दिवसापासून स्टोव्ह माझ्याकडे आला.

दार लावून हां! खिडकीपण लावायचो. चाळीत पुरुषाने रांधलं की वर्षभराची करमणूक होते. घामाने निथळत सगळं करायचो आणि जानकी यायची वेळ झाली की कडी काढून ठेवायचो. शेवटची फोडणी मुद्दाम ती आल्यावर द्यायची. सगळ्यांना वास जायचा, सगळे म्हणायचे, जानकीच्या हाताला काय चव आहे!

पण त्या बंद खोलीत मला जे सापडलं ते गिरणीत अठरा वर्षांत सापडलं नव्हतं. लसूण ठेचताना माणूस जेवढा विचार करतो तेवढा सभेत बसून करत नाही. सभेत दुसरा बोलतो, आपण हात वर करतो. इथे कोकम दोन की तीन हे मी ठरवायचं, चुकलं तर मी खायचं. आपण कोणामुळे रागावलोय, कोणावर उगाच ओरडलो, हे मला कांदा चिरताना कळायला लागलं. जानकीला दोन वेळा सॉरी म्हटलंय मी, दोन्ही वेळा विळीवर बसलो होतो.

आमच्याकडे कुळथाची पिठी म्हणजे काहीच नसलं की करायची वस्तू. स्टेशनबाहेरचा भाजीवाला फ्लॉवरचे दांडे तोडून गाईसाठी टोपलीत टाकायचा. एकदा ते उचलून आणले. पिठीत उकळले, तर लोकर चावल्यासारखं झालं. मग दुसऱ्या दिवशी सोलून पातळ चकत्या केल्या, तव्यावर लसणाबरोबर कडा काळपट होईपर्यंत भाजल्या आणि वाढताना वरून सोडल्या. खाली ऊन ऊन पिठी, वर कुरकुरीत दांडे. भिंतीकडे बघून मी एकटाच मोठ्याने म्हणालो, "झकास!" हे डिझाइन माझं होतं.

शेजारचा अनंत, आमच्याच गिरणीतला, रविवारी जेवायला आला. वाटीत बघून ओरडला, "वैनी, ह्या काय? फुलवराचे दांडे? ढोरांका घालतत ह्या!"

तीन वाट्या प्याला. जाताना म्हणतो, "वैनी, तुझ्या हाताक सोन्याचा कडा घालूक होया."

जानकीने माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे.

मग तुम्ही परीक्षक होतात त्या स्पर्धेचा फळा लागला. रोजच्या जेवणातला एक पदार्थ, फक्त भगिनींसाठी. महिला मंडळाच्या नलिनीताईंकडून अर्ज आणला आणि जानकीचं नाव मी स्वतः भरलं, चांगल्या अक्षरात. हे माझं पाप, लपवत नाही.

जानकी म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही हां."

"तुला बोलायचंच नाहीये. नुसतं बसून राहायचं."

"आणि विचारलं तर?"

"पिठीबद्दल कोण विचारतंय गं?"

रविवारी म्युनिसिपल शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. रोजच्या जेवणातले पदार्थ बघा काय होते! ब्रेडचा केक. रशियन सॅलड. टोमॅटोचे कोरलेले गुलाब, त्याखाली कुठेतरी भात. रोज गुलाब खाणारं घर विक्रोळीत मला दाखवा, मी तिथे भांडी घासायला जातो.

तुम्ही दीड तास उशिरा आलात. तोवर केक वाळला, सॅलड सुटलं. पिठी ठेवली की घट्ट होत जाते, हे तुम्ही पुस्तकात लिहिलंय की नाही माहीत नाही. मला माहीत होतं. थर्मासमध्ये कढत पाणी नेलं होतं, दांडे वेगळ्या डब्यात. तुम्ही तिसऱ्या टेबलावर असताना मी मागून थर्मास सरकवला, जानकीने पिठी सारखी केली, दांडे सोडले. मग तुम्ही आलात, प्यालात, डोळे मिटलेत.

आणि विचारलंत, "एक गुठळी नाही! आणि हे कुरकुरीत कसे राहिले? सांगा ना."

जानकी उभी राहिली आणि म्हणाली, "मला काय विचारता? ह्यांना विचारा. घरात रांधतात ते. मी गोळ्या भरते."

हॉलभर हशा पिकला. दारातून अनंत ओरडला, "आयला, काशीराम! म्हणजे दोन वर्सां मी तुझ्या हातचा जेवतंय?"

कान तापले माझे. सुटायला एक वाक्य पुरलं असतं: चेष्टा करते ती. जिभेवर आलंही होतं. ते बोललो असतो तर पिठी माझ्या हातून कायमची गेली असती, आणि जानकी सगळ्यांसमोर खोटी पडली असती. मी टेबलाच्या पुढे आलो.

"पीठ आधी गार पाण्यात कालवायचं," मी म्हणालो. "गरमात टाकलं की वाट लागते. उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही. दांडे आधी घालायचे नाहीत, वाढताना घालायचे. आणि हसून झालं असेल तर चाखून बघा."

हसणं थांबलं. दोन बायका पुढे आल्या, मग सात-आठ. भांडं पुसून निघालं. अनंताने शेवटी बोट फिरवलं आणि म्हणाला, "कडा आता तुकाच घालूक होया रे." मग स्वतःच हसला, मीही हसलो.

तेवढ्यात नलिनीताई तुमच्या कानाशी लागल्या. तुम्ही पेन्सिल काढलीत. मी जवळ येऊन वाचलं: बाद, पुरुषाने केलेला पदार्थ. गुलाबांना पहिला नंबर.

सोमवारपासून मी दार उघडं टाकून रांधतो. पहिल्या दिवशी पोरं डोकावून गेली, तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची रत्नप्रभा वाटी घेऊन आली आणि म्हणाली, "माझ्या पिठीत गुठळ्या होतात हो, जरा बघा ना येऊन." गेलो. तिच्या नवऱ्यालाच ढवळायला बसवलं. त्यामुळे तुमच्या नंबराची मला गरज उरलेली नाही.

अर्ज खोटा भरला म्हणून बाद केलं असतंत तर मी मान खाली घालून घरी आलो असतो. पण तुम्ही ते लिहिलं नाहीत. तुमच्या कागदावर चवीचा एक रकाना होता आणि जानकीच्या नावापुढे तो तुम्ही कोरा सोडलात. तुमची जीभ काय म्हणाली हे फक्त तुम्हाला माहीत आहे. नंबर नको, कप नको, माफीपण नको. त्या रकान्यात काय लिहिणार होतात ते कळवा.

पिठी कशी झाली होती, बाई?