वडसाच्या जागी

मी गुरुच्या उजव्या डोळ्यातला कातडीचा तुकडा बोलतोय. नखाएवढा, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. जन्मापासून मी वरच्या पापणीखाली झाकलेला होतो. ऊन मला ठाऊक नव्हतं. गुरुनं मला कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्यात पाहण्यासारखं काही नव्हतंही.

माझ्या खाली, नाकाकडच्या कोपऱ्यात वडस, म्हणजे डोळ्यावर चढणारं जादा मांस, वाढत होतं. गुरु चिंचोळी एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात कामाला. दिवसभर भट्टीची धग आणि वाळूची धूळ, कुंभारी गावाहून जाता-येता गाडीवर डोळ्यांत घुसणारा वारा. लाल मांसाचं ते टोक सरकत सरकत बुबुळावर चढलं. गुरुला धूसर दिसू लागलं. पण दवाखान्यात जायला तो तयार कुठं? कुणी सांगितलं म्हणून मध घातला, कुणी सांगितलं म्हणून कसला तरी पाला पिळला. डोळा सुजून बंद झाला.

शेवटी त्याच्या थोरल्या भावानं, नंदीशनं, त्याला गाडीवर मागं बसवून सोलापूरला नेलं.

"अण्णा, सुई बघितली की मला कसंतरीच हुतंय," दवाखान्याच्या दारात गुरु अडला.

"रेड्यावाणी वाढलास आन् सुईला भितूस? चल की. आंधळ्याला पोरगी कोण देणार हाय?"

डोळा बधिर करून डॉक्टरीणबाईंनी वडस सोलून काढलं. खालची जागा उघडी पडली. ती तशीच ठेवली तर वडस पुन्हा वाढतं. म्हणून पापणी उचलून त्यांनी मला कापून घेतलं आणि तिथं चिकटवलं. मी पहिल्यांदा उजेडात आलो. तो उजेड मला भाजल्यासारखा लागला.

"हा तुकडा धरला की डोळा वाचला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चोळायचा नाही. धूळमाती नको. बाहेर पडताना हा काळा चष्मा लावायचाच."

"मी हाय की बघायला, मॅडम," नंदीश म्हणाला.

आणि त्यानं बघितलं. औषधाचे थेंब तोच घालायचा. गुरुचा हात नकळत डोळ्याकडे गेला की त्यावर चापट मारायचा. मी हळूहळू चिकटू लागलो होतो.

शेताला पाणी द्यायचं काम गुरुचं. एके दिवशी "तू पड. मी जाऊन येतो," असं म्हणून नंदीश गेला. मोटारीच्या पेटीत करंट उतरला होता. धक्का बसला आणि तो तिथंच गेला.

त्यांच्या समाजात मयताला बसवून माती देतात. शेतातच खड्डा खणला. गुरु कडेला उभा होता, काळा चष्मा लावून. चष्म्याआड डोळा भरून येत होता आणि तो दात आवळून थोपवत होता. मला सगळं कळत होतं.

मागून त्याचा चुलता मडिवाळप्पा बोललाच, "भावाच्या मातीला गॉगल? शिनेमाला आलास व्हय रं?"

"मामंजी, आपरेशन झालंय त्यांचं..." नंदीशची बायको सुकन्या म्हणाली. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत गुरुनं चष्मा काढून भिरकावला आणि खड्ड्यात उडी मारली.

नंदीश मांडी घालून बसला होता. मान एका बाजूला कलली होती. गुरुनं ती सरळ केली, कपाळाला विभूती लावली.

"अण्णा, ऊठ की. औषिद घालायची येळ झाली."

काठाची माती सुटून त्याच्या डोळ्यांत गेली. त्याची अव्वा, आई निंगव्वा, ओरडली, "गुरु, डोळा! हात लावू नको रे डोळ्याला!"

गुरुनं दोन्ही मुठींनी डोळे चोळले, लहान पोरासारखे. मी होता होईल तेवढा धरून राहिलो. मग सुटलो. पाण्याबरोबर गालावरून ओघळलो आणि नंदीशच्या जुळवलेल्या हातांवर पडलो. कुणाला दिसलो नाही. गुरुला लोकांनी ओढून वर घेतलं. विभूती आली, मीठ आलं, मग माती.

गुरु, तुझी ती जागा आता उघडी आहे. वडस पुन्हा येईल. पण पापणीखाली माझ्या शेजारची कातडी अजून शिल्लक आहे. त्या डॉक्टरांकडे परत जा. थेंब घालायला वहिनीला सांग, हात धरायला अव्वाला सांग. मला शोधू नकोस. अण्णा इथं अगदीच एकटा नाही. तुझ्या अंगातलं थोडंसं त्याच्याजवळ आहे.