मुकादमाला सोबत

घराची किल्ली देताना मी ताईला दोनच कामं सांगितली होती. समुद्री माशाच्या टाकीतलं खारं पाणी काचेवरच्या खुणेखाली गेलं की साधं गाळलेलं पाणी घालायचं, आणि सकाळी चिमूटभर खाणं टाकायचं. मीठ घालायचं नाही, कारण हवेत उडून जातं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. सगळं कागदावर लिहून तो कागद टाकीशेजारी भिंतीवर चिकटवला होता. दुसरा मासा आणू नकोस, असं लिहिलं नव्हतं. असं कोण लिहितं?

भिंगं घासायचं नवीन यंत्र आमच्या चष्म्याच्या कारखान्यात येणार होतं, ते शिकायला मी चार दिवस बाहेरगावी गेले होते. दुपारी परत आले तर ताई माझ्या खुर्चीत बसून टाकीकडे बघत होती, आणि टाकीत दोन मासे होते.

"ओळख बघू, नवा कोणता?" ताई म्हणाली.

ओळखायचं काय त्यात. नवा त्याच जातीचा, पण जुन्याच्या दीडपट होता.

जुना म्हणजे माझा मुकादम. जातीनं ड्वार्फ एंजल, बोटाएवढा, नारिंगी अंगावर काळे पट्टे. एंजल म्हणजे देवदूत. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं हा मासा पाळला नसणार. पाच वर्षं रोज सकाळी तो टाकीतला एकेक खडक तपासतो, एका भोकातून आत शिरतो, दुसऱ्यातून बाहेर पडतो, जाता जाता शेवाळ खरवडतो आणि वाटेत येईल त्याला ढुशी देतो. टाकी माझ्या शिलाई मशीनच्या टेबलावर मावते, एवढीच. एवढ्याशा टाकीत या जातीचा एकच मासा ठेवायचा असतो. दोन ठेवले तर दोघांनाही सगळी टाकी हवी असते.

"कुठाय तो?" मी विचारलं.

"असेल इकडेतिकडे. दोन दिवस नुसती पकडापकडी चालू आहे दोघांची. बघून करमणूक होते माझी. दिवसभर इथेच बसून असते."

मी वाकून पाहिलं. मुकादम हीटरच्या मागे, काचेच्या कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. शेपटीची झालर फाटून दोरे लोंबत होते आणि एका बाजूला पांढरा ओरखडा होता. नवा समोरून गेला की तो आणखी मागे सरकायचा. मागे जागाच नव्हती.

"ताई, खेळत नाहीत ते. हा त्याला मारतोय."

"अगं, एवढा सुंदर मासा कशाला मारेल?"

"दुकानदाराला टाकी केवढी आहे ते सांगितलंस?"

ताईनं हात पसरून दाखवले. तेवढ्यात माझा पलंग मावला असता. "मोठी म्हटलं. आणि मासाही मोठाच बघून आणला. द्यायचं तर चांगलं द्यावं माणसानं. बिचारा एकटा होता गं."

बिचारा आणि एकटा. हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं सटकतं. बिचारी बदलून बिचारा केलं, एवढाच काय तो फरक.

दुकानदाराला फोन केला. "परत घेतो," तो म्हणाला, "पण जिवंत आणा." मुकादमाचं काय ते मी त्याला विचारलं नाही. मला माहीत होतं. मार खाऊन कोपऱ्यात दडलेला मासा खायलाही बाहेर येत नाही, आणखी एक दिवस काढत नाही.

जाळी घालून एंजल पकडता येत नाही. जाळी दिसली की तो खडकात शिरतो आणि मग कुणाच्या बापाला सापडत नाही. एकच उपाय असतो. पाणी बादल्यांत काढायचं आणि खडक एकेक करून उचलायचे. पाच वर्षांत मी यातला एकही हलवला नव्हता. त्यांच्यावर पोवळी धरली होती, सांधे जमले होते.

"मी करते मदत," ताई म्हणाली आणि बाह्या वर केल्या.

"आत्तापर्यंत केलीस तेवढी पुरे नाही का?"

तरी ती बादली धरून उभी राहिली. मी खडक काढत होते, ती पाण्यात ठेवत होती. चौथा खडक निघाला आणि माझं तोंड सुटलं.

"दहा वर्षांपूर्वी तू हेच केलंस. मी नवऱ्यापासून वेगळी झाले, आणि आठवडाभरात तू बॅग घेऊन दारात. तीन महिने. सगळं स्वयंपाकघर उलटंपालटं केलंस. माझ्याच घरात मी तुला विचारायचे, ताई, साखर कुठे आहे. मला सोबत नको होती. मी बोलावलं नव्हतं तुला."

ताई खडक हातात धरून थांबली. तिच्या कोपरावरून पाणी फरशीवर गळत होतं.

"तुला सोबत द्यायला आले होते, असं कोण म्हणालं?"

"तूच म्हणालीस."

"मग काय सांगायचं होतं? नवऱ्याच्या घरात जीव गुदमरतो म्हणून बहिणीकडे पळून आले, असं? तुझं नाव पुढे केलं म्हणून सोडलं मला तीन महिने." तिनं खडक बादलीत ठेवला. "आताही चार दिवस तुझ्या माशाचं नाव पुढे केलं. तो पुढचा खडक जपून काढ, आत आहे बघ कोणीतरी."

माझा राग कमी झाला नाही. उलट वाढला, कारण आता तो कुणावर काढायचा तेच कळेना. दहा वर्षं मी सांभाळून ठेवलेला राग होता तो.

मोठा मासा शेवटच्या खडकात सापडला. खडकासकट उचलून बादलीत झटकला. ताईनं झाकण लावलं, बादली पोटाशी धरली आणि दुकानात घेऊन गेली.

मी खडक परत रचले. जसे होते तसे काही जमले नाहीत. पाणी भरलं, दिवा लावला, खाणं टाकलं. टाकी पुन्हा मुकादमाची एकट्याची झाली होती आणि तो हीटरच्या मागून हलायला तयार नव्हता. मी खुर्ची ओढून बसले. अर्ध्या तासानं तो निघाला. थेट त्याच्या जुन्या भोकाकडे गेला. तिथे आता दुसरा खडक होता. त्यानं खडकाला ढुशी दिली. मग पुन्हा दिली. मग फाटकी शेपटी ओढत खडकाला वळसा घातला, पलीकडे एक फट होती तिच्यात शिरला आणि वरून बाहेर येऊन शेवाळ खरवडू लागला.

तेवढ्यात ताई रिकामी बादली घेऊन आली. टाकीकडे बघून तिनं डोळे पुसले आणि पर्समधून माझी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

मी ती उचलून तिच्या हातात दिली.

"रिकाम्या हातानं येत जा," मी म्हणाले. "आणि कुणाचंही नाव पुढे करू नकोस."

मी अजून रागातच होते. चहा टाकायला आत गेले. साखरेचा डबा ताईनं दहा वर्षांपूर्वी ठेवला होता त्याच फळीवर होता.